आमचो स्पॉक न्हय

"आमचो स्पॉक असो रडना," दादा म्हणाला आणि हातातली अर्धी नेवरी त्याने परत ताटात ठेवली.

दादाने नेवरी अर्धी सोडणे ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. चवथीची तिसरी रात्र होती. आरत्या संपल्या होत्या, बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आणि गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या फळांचा पिकत चाललेला वास ओसरीपर्यंत येत होता. आम्ही सगळे गोव्यात, फोंड्याजवळच्या मूळ घरी जमलेलो. भाच्याने टीव्हीला काहीतरी जोडून 'स्टार ट्रेक' लावला होता, २००९ सालचा, अवकाशयानाच्या जुन्या टीव्ही मालिकेवरून जे. जे. एब्रम्सने नव्याने मांडलेला. भाच्याचा तो आवडता सिनेमा. दादाच्या लेखी तो सिनेमाच नाही, घरफोडी आहे.

पडद्यावर तरुण स्पॉकचा, यानावरच्या परग्रही अधिकाऱ्याचा, ग्रह नष्ट झालेला, आई डोळ्यांदेखत गेलेली. पुढे यानाचा कप्तान होणारा कर्क त्याला मुद्दाम डिवचतो, तुला आईबद्दल काहीच वाटलं नाही म्हणून हिणवतो, आणि स्पॉक त्याच्यावर तुटून पडतो. यानाच्या ऐन नियंत्रणकक्षात, सगळ्यांसमोर, त्याचा गळा धरतो. दादाचं म्हणणं एवढंच की व्हल्कन माणूस, म्हणजे स्पॉकच्या ग्रहावरचा, भावना कधी न दाखवणारा, असं करत नाही. भाचा म्हणाला, "मामा, त्याची आई मेली रे." दादा म्हणाला, "मरूं दी. भुंवई वर करची आनी वगी रावचें."

वहिनी आतून ओरडल्या, "आई मेली तरी गप्प राहायचं, असं कोणाकडून शिकलात?" आणि वाद दोघांचा होता तो घरभर झाला.

दादाची बाजू समजून घ्यायला चाळीसेक वर्षं मागे जावं लागेल. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जुनी मालिका लागायची. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ या काळात चालली, ७९ भाग झाले आणि बंद पडली. आमच्यापर्यंत यायला तिला दीड-दोन दशकं लागली. वाड्यावर दोनच टीव्ही, त्यातला एक आमच्या काकांकडे, कृष्णधवल. त्यामुळे स्पॉकचा सदरा निळा आणि कर्कचा सोनेरी पिवळा हे आम्हाला मोठे झाल्यावर कळलं. लाल सदऱ्यातला माणूस परग्रहावर उतरला की बहुधा परत येत नाही, हा जगभरच्या चाहत्यांचा जुना विनोद. आमच्यासाठी सगळेच करड्या सदऱ्यातले, त्यामुळे कोण मरणार याचा आम्हाला शेवटपर्यंत पत्ता नसे. या एका बाबतीत आम्ही रंगीत टीव्हीवाल्यांपेक्षा श्रीमंत होतो.

आणि भाषा? आम्ही मराठी शाळेतली पोरं. त्या इंग्रजीतलं दहात एक वाक्य कळलं तर कळलं. आम्ही चेहरे बघायचो. डॉक्टर मॅकॉय तावातावाने बोलतोय, म्हणजे रागावलाय. स्पॉकने एक भुवई वर नेली, म्हणजे डॉक्टर हरला. कर्क दोघांच्या मधे उभा राहून हसू दाबतोय, म्हणजे आता काहीतरी ठरणार. एवढ्यावर आम्ही अख्खा भाग समजून घ्यायचो, आणि मजा म्हणजे बहुतेक वेळा तो बरोबर समजायचो. कारण घरात दुसरं काय चालायचं? थोरले काका हिशेबी, धाकटे काका तापट, आणि मधे आमचे बाबा. डॉक्टर आणि स्पॉक रोजच जेवायला बसायचे आमच्याकडे.

म्हणजे दादाचा स्पॉक हा एका भुवईचा केलेला आहे. मालिकेत स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयच्या भुवईचा. तिथे नव्या सिनेमातल्या झॅकरी क्विंटोने कितीही जीव ओतला तरी तो काय करणार?

पण मी त्या रात्री एक आगाऊपणा केला. मालिकेचे जुने भाग मी गेल्या काही वर्षांत पुन्हा बघून काढले आहेत, या वेळी शब्द समजून. म्हटलं, दादा, तुझा स्पॉक रडलाय. १९६६मध्येच रडलाय, मालिका सुरू होऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा. एका रोगाने यानातल्या सगळ्यांचा स्वतःवरचा ताबा सुटतो, त्या भागात स्पॉक खोलीचं दार लावून घेतो आणि हुंदके देतो. कशासाठी? आईवर प्रेम आहे हे तिला कधी सांगता आलं नाही, यासाठी. आणि दुसऱ्या वर्षी, आपल्या हातून कर्क मेला असं त्याला वाटत असतं आणि कर्क जिवंत समोर येतो, तेव्हा स्पॉक त्याचे दोन्ही दंड धरून चक्क हसतो, दात दाखवून.

दादाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गणपतीच्या मखरातला उंदीर उचलून खिशात घातला असावा.

कर्कचंही तसंच. नव्या सिनेमातला ख्रिस पाइनचा कर्क दारूच्या गुत्त्यात मारामाऱ्या करतो, मुलींच्या मागे लागतो, परीक्षेत सफरचंद चावत बसतो. "कर्क असाच होता!" असं भाचा म्हणतो, आणि नवल म्हणजे दादाही हे मान्य करतो. पण मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या भागात कर्कचा जुना मित्र त्याची आठवण सांगतो ती अकादमीतल्या पुस्तकी किड्याची, पाय फुटलेला पुस्तकांचा ढीग असावा तसा. कर्कची खुशालचेंडू म्हणून जी ओळख झाली ती नंतरच्या काळात, लोकांच्या बोलण्यातून. सिनेमाने मालिकेतला कर्क उचलला नाही, लोकांच्या तोंडी असलेला कर्क उचलला. अर्थात सिनेमावाल्यांनी पळवाटही ठेवली आहे: भविष्यातून आलेला नीरो कर्कच्या जन्माच्याच दिवशी त्याच्या बापाला मारतो, काळाला दुसरी फांदी फुटते, आणि म्हणून हा कर्क बापाविना वाढलेला, वाया जायच्या वाटेवरचा. जुनं तसंच राहिलं, हे वेगळं झाड. युक्ती हुशार आहे. आमच्याकडे वाटण्या होतात तेव्हा असंच बोलतात: घर एकच, दारं दोन.

वाद तिथेच मिटला असता, पण मला त्या रात्री झोप लागेना. मला आठवत होता आमच्या जत्रेतला कृष्ण.

आमच्या गावच्या जत्रेला संगीत नाटक व्हायचं. पालखी फिरून आली, की देवळासमोरच्या मांडवात मध्यरात्री पडदा वर जाणार आणि पहाटे उजाडताना खाली येणार. आम्ही पोरं खाजें खात चटईवर बसायचो आणि दुसऱ्या अंकात झोपायचो. 'सौभद्र' तर दर दोन-तीन वर्षांनी ठरलेलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२मध्ये रंगभूमीवर आणलेलं नाटक शंभर वर्षांनी आमच्या गावात पोरासोरांना पाठ होतं. म्हणजे पुढे काय होणार हे बघायला कोणी येत नसे. अर्जुन कसा झालाय, नारद कसा झालाय, आणि मुख्य म्हणजे कृष्ण कसा झालाय, हे बघायला माणसं मांडवाबाहेर उभी राहायची.

कृष्ण म्हणजे गुरुजी. शाळेत मास्तर, मंचावर कृष्ण, वर्षानुवर्षं. पुढे त्यांना मधुमेह झाला, आवाज बसू लागला, आणि एका वर्षी मंडळाने कृष्णाचं काम बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणाला दिलं. गळा चांगला, उंची चांगली, दिसायला तर गुरुजींपेक्षा कितीतरी देखणा. दुसऱ्या दिवशी गावातल्या चहाच्या हॉटेलात भाजी-पावासमोर काय रणं माजली! "हा कृष्ण नव्हे, हा अर्जुनाचा धाकटा भाऊ." "कृष्ण लबाड हवा, हा सरळ आहे." "गुरुजी बोलायच्या आधी थांबायचे, हा थांबतच नाही." महिनाभर हेच. पदेर सायकलीवरून पाव टाकायला आला तरी त्याला विचारायचे, तुला कसा वाटला रे कृष्ण?

आमचे बाबा प्रॉम्प्टर. विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर नाटकाची वही, हातात बॅटरी. दोन्ही कृष्णांची कामं त्यांनी चार हातांवरून ऐकली होती. ते एरवी या वादात पडत नसत. एकदा मी खोदून विचारलं तर म्हणाले, "वाक्यं दोघांची तीच. एक शब्द इकडचा तिकडे नाही, मी वही धरून बसलो होतो." मग जरा थांबून म्हणाले, "तिचा श्वास चुकला."

ती म्हणजे रुक्मिणी. बायकांची कामं करायला तेव्हा बाहेरून नटी आणत. ती जत्रेच्या दिवशी दुपारी यायची, एक तालीम करायची, आणि रात्री उभी राहायची. आमच्याकडे येणारी बाई बरीच वर्षं गुरुजींसमोर रुक्मिणी करत होती. चौथ्या अंकात कृष्ण तिला रात्र सरून उषःकाल होत आल्याचं सांगतो ते पद आहे. आमच्याकडे ते पद यायचं तेव्हा खरोखरच देवळामागच्या माडांवर फटफटायला लागलेलं असायचं. त्या पदाच्या आधी गुरुजी थांबायचे. तिच्याकडे बघायचे, काहीतरी बोलणार असं वाटायला लावायचे, आणि मग पेटीवाल्याकडे मान करायचे. त्या थांबण्यात रुक्मिणीचा राग उतरायचा. तेवढा वेळ तिच्या हिशेबात धरलेला होता. नव्या कृष्णाने न थांबता गायला सुरुवात केली आणि तिचा राग उतरायचा राहून गेला. ती पूर्ण पदभर रागावलेल्या चेहऱ्यानेच उभी राहिली. लोकांना वाटलं कृष्ण चुकला. बाबांना विंगेतून दिसलं की दोघांच्या मधलं काहीतरी चुकलं.

पुढच्या खेपेला तेच नाटक, तोच कृष्ण, तीच बाई. या वेळी तो थांबला नाहीच, पण ती त्याच्या आधीच हसली. तो गाऊ लागला तेव्हा ती ऐकत होती. हॉटेलात कोणी फारसं बोललं नाही, म्हणजे कृष्ण पास झाला.

गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते, दोन्ही वेळा. त्या पहिल्या रात्री सगळं गाव त्यांचा चेहरा वाचायच्या खटपटीत. नाटक संपल्यावर ते उठून रंगपटात गेले. मी मागोमाग. आता काहीतरी महत्त्वाचं ऐकायला मिळणार म्हणून कान टवकारलेले. तो तरुण घामाने निथळत, रंग उतरवत बसला होता, गुरुजींना बघून उभा राहिला. गुरुजींनी त्याच्या कपाळावरचा वळ बोटाने दाबून बघितला आणि म्हणाले, "मुकुटाची दोरी सैल बांध. घाम आला की आवळते." एवढं बोलून घरी गेले.

२००९च्या सिनेमात निमॉय स्वतः आहे, म्हातारा स्पॉक म्हणून. शेवटाकडे तो क्विंटोच्या समोर येतो, एक स्पॉक दुसऱ्या स्पॉकसमोर. थोडंसंच बोलतो. मला दर वेळी तिथे मुकुटाची दोरी दिसते. सगळेच जुने नट असे निघतात असं नाही. याच नव्या सिनेमांपैकी २०१६च्या सिनेमात जॉन चोचा सुलू, यान चालवणारा, समलिंगी दाखवला, तेव्हा मूळ सुलू जॉर्ज टाकेई, जो स्वतः समलिंगी आहे आणि त्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं बोलत आलाय, तोच म्हणाला की हे दुर्दैवी आहे, मूळ लेखकाने सुलू तसा कल्पिला नव्हता. सिनेमाच्या लेखकांपैकी एक सायमन पेग, जो त्यात स्कॉटीचं काम करतो, त्याने आदर राखून जाहीरपणे असहमती दाखवली. दोघांचंही मला पटतं, काय करू.

तर झोप न येण्याचं कारण हे होतं: दादा चुकीच्या जागी बोट ठेवत होता, पण त्याचं दुखत होतं ते खरं होतं. त्या सिनेमात मॅकॉय आहे. कार्ल अर्बनने केलेला मॅकॉय तर दादालाही मान्य, मालिकेतला जुना डॉक्टर, डिफॉरेस्ट केली, अंगात आल्यासारखा. पण त्याला करायला काय आहे? कर्कला सुया टोचतो, कुरकुरतो, आणि बाजूला होतो. स्पॉकशी त्याचं हवं तसं, पोटभर भांडण होतच नाही. ती जागा यानावर संदेश सांभाळणाऱ्या उहुराने घेतली आहे, स्पॉकची प्रेयसी म्हणून. दादाला खटकतं ते चुंबन. मला वाटतं, चुंबनाने काही बिघडत नाही. भुवई वर करायला समोर कोणी चिडणारा हवा ना? तो नसला तर स्पॉक कोणाला जिंकणार?

हे मी सकाळी ओसरीवर बोललो तर वहिनी भडकल्या. "म्हणजे तिने पुन्हा कानात ते यंत्र घालून बसायचं? तीन वर्षं ती बिचारी 'लाइन मोकळी आहे' एवढंच सांगत होती. या सिनेमात तिला नाव तरी मिळालं." हे खरं आहे. न्योटा हे तिचं पहिलं नाव पडद्यावर प्रथम आलं ते २००९मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. आणि निशेल निकोल्स तर पहिल्या वर्षानंतर मालिका सोडून निघालीच होती. मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले आणि सोडू नकोस म्हणाले, म्हणून राहिली. वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. घरात नवीन सून आली की कोणाची तरी नेहमीची खुर्ची सरकते. डॉक्टरची सरकली.

त्या दिवशी दुपारी त्याच्या पुढचा, २०१३चा सिनेमा लागला, आणि मग तर दादाला नेवरीची गरजच उरली नाही. बेनेडिक्ट कंबरबॅच हा खान नूनियन सिंग, मालिकेतला जुना खलनायक! १९६७च्या भागात यानावरची इतिहासतज्ज्ञ खानकडे बघून अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. ती त्याचं चित्रही काढते, पगडीतलं. तेव्हा काम केलं मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बानने. भाचा म्हणाला, "मग तोही कुठे शीख होता?" दादा म्हणाला, "शीख न्हय, पूण खान आशिल्लो." या एका वाक्यावर अर्धा तास गेला. मला दादाचं वाक्य आवडलं, पण ते पूर्ण पुरत नाही. मोंताल्बान शीख नव्हता तरी निदान १९६७मध्ये कोणीतरी एका भारतीय माणसाला सर्वांत हुशार, सर्वांत ताकदवान म्हणून कल्पिलं होतं, पुढे तो कितीही वाईट निघो. २०१३मध्ये तेही पुसलं गेलं आणि नाव तेवढं उरलं.

पण मला त्या सिनेमात सलतं ते दुसरंच. जुन्या नटांच्या १९८२च्या सिनेमात स्पॉक यान वाचवताना किरणोत्सर्गाने मरतो. मधे काच आहे, अलीकडे कर्क. हात काचेला लागतात. २०१३मध्ये तेच उलटं केलंय: आत कर्क, बाहेर स्पॉक. तीच काच, तेच हात, आणि नंतर स्पॉकच्या तोंडून खानच्या नावाची आरोळी. शब्दसुद्धा बरेचसे तेच. वही धरून बसलं तर फारसं चुकलेलं सापडणार नाही. पण १९८२मध्ये काचेच्या दोन बाजूंना सोळा वर्षं एकत्र घालवलेली दोन माणसं होती, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर. हे दोघे कालपरवा भेटलेले. श्वास चुकला. त्यात खानच्या रक्ताने कर्क लगेच उठूनही बसतो, तो भाग सोडूनच देऊ.

मधे भाच्याने मामाला जरा नरम करायचा प्रयत्न केला. म्हणाला, पहिल्या सिनेमात यानाची, म्हणजे एंटरप्राइजची, इंजिनरूम आहे ना, ती खरं म्हणजे कॅलिफोर्नियातली बडवायझरची बिअर बनवायची फॅक्टरी आहे, तिथेच शूटिंग केलं. दादा पहिल्यांदाच हसला. "म्हणजे एंटरप्राइज काजूच्या भट्टीवर चलता!" संध्याकाळच्या आरतीपर्यंत तो याच आनंदात होता.

चौथ्या रात्री भाच्याने २०१६चा लावला. दादा म्हणाला, मी बघणार नाही, आणि पहिल्या रांगेत येऊन बसला. या सिनेमात यान फुटतं, सगळे एका परक्या ग्रहावर इकडेतिकडे पडतात, आणि स्पॉक आणि मॅकॉय दोघेच एकत्र सापडतात. शेवटी एकदाचे. स्पॉकच्या पोटात धातूचा तुकडा घुसलेला, तो उपटून काढायचा आहे. डॉक्टर म्हणतो, एक प्रश्न विचारतो: तुझा आवडता रंग कोणता? स्पॉक म्हणतो, या प्रश्नाचा इथे काय संबंध...

आणि वीज गेली. गोव्यात चवथीच्या पावसात वीज जायची वेळ फार नेमकी असते.

काळोख. गणपतीसमोरची समई तेवढी. वहिनी मेणबत्ती शोधायला उठल्या. पागोळ्यांचा आवाज, आणि मग दादाचा.

"मागीर कितें जालें?"

भाच्याने सांगायला सुरुवात केली. नुसतं सांगेना, करून दाखवू लागला. स्पॉक करताना आवाज सपाट, डॉक्टर करताना चढा. काळोखात चेहरे दिसत नव्हते, पण त्या चढ्या आवाजात आमचे धाकटे काका ओळखू आले मला. या पोराने त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

"डॉक्टर असो उलयना रे," दादा म्हणाला. "कुशीक सर, हांव करून दाखयतां."